दंड आणि सुधारणा

मराठी वाचकाचा तुरुंगाशी जो परिचय आहे तो बहुधा ग्रंथांच्या द्वारे झालेला आहे, आणि तो मोठा उदात्त आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली. अंदमानातील कोलूची हकीकत 'माझी जन्मठेपे'तून घरोघर पोहोचली. गोमंतकीयांच्या मनात हेच स्थान आग्वादच्या किल्ल्याला आहे. मुक्तिसंग्रामातील कित्येक सैनिक ज्या किल्ल्यात बंदिवान होते, तो आता त्यांच्या स्मरणार्थ जतन केला गेला असून २०२१ पासून तेथे लोक आदराने जातात, हात जोडतात. अशा रीतीने आमच्या साहित्यात आणि आमच्या स्मृतीत तुरुंग म्हणजे एक प्रकारचे तपोवनच होऊन बसले आहे.

परंतु या तपोवनात तपस्व्यांच्या शेजारी आणखीही कोणी राहत होते. चोर होते, दरोडेखोर होते, भाऊबंदकीच्या भांडणात कुऱ्हाड चालविलेले शेतकरी होते, दारूच्या धुंदीत बायकोचा जीव घेतलेले नवरे होते. थोरांच्या आत्मवृत्तांत ते अधूनमधून डोकावतात, पण दुय्यम पात्रे म्हणूनच. स्वातंत्र्य आले तेव्हा तपस्वी बाहेर आले. हे आतच राहिले. आग्वादचा तुरुंग मुक्तीनंतरही अर्धशतकाहून अधिक काळ चालू होता. तेथील कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात गेले ते २०१५ मध्ये. आज त्या किल्ल्यात हात जोडणाऱ्या आपणांपैकी कितीजणांना या दुसऱ्या रहिवाशांची आठवण होते? देशभक्ताचा तुरुंगवास हा आपल्या अभिमानाचा विषय आहे, आणि अपराध्याचा तुरुंगवास हा आपल्या विस्मरणाचा. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा तुरुंगवास आहे. ज्याने खरोखरच अपराध केला आहे, त्याच्याशी समाजाने कसे वागावे? त्याला दंड करावा की त्याला सुधारावे? आणि यांपैकी कोणत्या मार्गाने समाजाचे अधिक हित होते?

या प्रश्नाची चर्चा बहुधा भावनेच्या भरात होते, आणि दंडाच्या पक्षावर त्यात अन्याय होतो. दंड मागणारा तो निर्दय आणि सुधारणा मागणारा तो सहृदय, अशी वाटणी आपण आरंभीच करून टाकतो. म्हणून दंडाची बाजू प्रथम नीट ऐकून घेतली पाहिजे.

जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याने १७९७ मध्ये एक कल्पना मांडली. समजा, एका बेटावरचा समाज विसर्जित व्हावयाचे ठरले आणि सर्व लोक चारी दिशांना पांगणार आहेत. तरीही निघण्यापूर्वी तुरुंगातील शेवटच्या खुन्याला देहान्त दंड दिलाच पाहिजे, नाहीतर त्या रक्ताचा दोष सर्वांच्या माथी बसेल, असे तो म्हणतो. वाचताना अंगावर काटा येतो. ज्या दंडापासून कोणाचेच हित होणार नाही, तो द्यावयाचा तरी कशासाठी? पण क्षणभर थांबून पाहिले तर या कठोर कवचाखाली एक महत्त्वाचा विचार आहे. दंड देताना आपण अपराध्याला जबाबदार माणूस मानीत असतो. वाघाने माणूस मारला तर आपण वाघाला ठार करतो, त्याच्यावर खटला चालवीत नाही. 'हे तू केलेस, आणि न करणे तुझ्या हाती होते', असे केवळ माणसालाच सांगता येते. या अर्थाने दंड हा एक प्रकारचा आदरच आहे.

दुसरा विचार याहून जवळचा आहे. ज्या बाईचा नवरा बांधावरच्या भांडणात मारला गेला, तिच्या मुलांच्या हातातली कुऱ्हाड राज्याने काढून घेतली आणि म्हटले, 'सूड घेऊ नका. न्याय आम्ही करू.' हे राज्याने दिलेले वचन आहे. उद्या तिचा अपराधी चार उपदेश ऐकून, दोन प्रमाणपत्रे मिळवून हसतमुखाने गावात परतला, तर त्या बाईने काय समजावे? तिच्या पतीच्या जिवाचे मोल एवढेच होते असे? अपराध घडला आणि तो गंभीर होता, ही गोष्ट समाजाने कृतीने कबूल केली पाहिजे. ती कबुली म्हणजेच दंड. म्हणून दंड मुळातूनच नाहीसा करावा असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

मात्र इतके मान्य केल्यावर पुढचा प्रश्न अटळपणे येतो: दंड म्हणजे नेमके काय आणि किती? न्यायाधीश सात वर्षांची सक्तमजुरी सुनावतो तेव्हा तो अपराध्याची सात वर्षांची मोकळीक काढून घेतो. एवढाच दंड. दाटीवाटीमुळे पाळीपाळीने झोपणे, खरूज, क्षय, वॉर्डरची शिवी, मुलाखतीला आलेल्या म्हाताऱ्या आईकडून उकळलेले पैसे, यांपैकी काहीही न्यायाधीशाने सुनावलेले नसते. ते निकालपत्रात नसून अंगावर मात्र येते. कायद्याने ज्याची आज्ञा केलेली नाही असा क्लेश जेव्हा तुरुंगात दिला जातो, तेव्हा तो दंड नव्हे. तो राज्याने केलेला नवा अपराध आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट १९७८ मध्ये सुनील बात्रा खटल्यात स्पष्ट केली. तुरुंगाच्या दारातून आत जाताना माणूस आपले मूलभूत हक्क बाहेर ठेवून जात नाही, असा न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाचा आशय होता. पण माझ्या मते त्याहूनही विचार करावयास लावणारी घटना त्यानंतरची आहे. याच बात्रा नावाच्या कैद्याने, ज्याला देहान्त शिक्षा झालेली होती, तिहार तुरुंगातून न्यायमूर्तींना एक पत्र लिहिले. ते स्वतःसाठी नव्हते. एका दुसऱ्या कैद्याचा, त्याच्या नातलगांकडून पैसे काढण्यासाठी, वॉर्डरने अमानुष छळ केला होता. त्याची दाद मागण्यासाठी ते होते. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानून सुनावणी केली. फाशीच्या दोराच्या छायेत बसलेला माणूस शेजाऱ्याच्या वेदनेसाठी लेखणी उचलतो! अपराधी हा केवळ त्याच्या अपराधाएवढाच माणूस असतो असे मानणाऱ्याने या पत्राचा अर्थ लावून दाखवावा.

आता तुरुंगांच्या आजच्या स्थितीकडे पाहू. केंद्र सरकारच्या नोंदीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. म्हणजे जिथे शंभरांची सोय, तिथे एकशे एकतीस. पण या आकड्यांतील खरा धक्का वेगळाच आहे. या पावणेसहा लाखांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. ज्यांचा अपराध अद्याप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही, अशांचे प्रमाण चारांत तीन!

येथे आपला मूळ प्रश्नच अडखळतो. दंड की सुधारणा, या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते की समोरचा माणूस अपराधी आहे. पण या चौघांतील तिघांचे काय? त्यांना दंड करण्याचा अधिकार कोणाला नाही, कारण दोष ठरलेला नाही. त्यांना सुधारण्याचा अधिकारही कोणाला नाही, त्याच कारणाने. तरी ते आत आहेत. आणि ते का आत आहेत याचे उत्तर पुष्कळदा अपराधाच्या गांभीर्यात नसून जामीनदाराच्या अभावात असते. हुसैनारा खातून खटल्यात १९७९ मध्ये बिहारमधील असे कैदी उजेडात आले, की ज्या आरोपासाठी ते कोंडलेले होते तो सिद्ध होऊन कमाल शिक्षा झाली असती तरी ते केव्हाच सुटले असते. जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, प्रथमच आरोप आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असेल तर, काही अपवाद वगळून, त्याला बंधपत्रावर सोडावे अशी तरतूद आहे. ती स्वागतार्ह खरीच. पण सुधारणेच्या मोठमोठ्या योजनांची भाषा बोलणाऱ्याने आधी हे लक्षात ठेवावे, की आपल्या तुरुंगांची पहिली सुधारणा म्हणजे जे आत असावयास नकोत त्यांना बाहेर आणणे ही होय.

उरले ते पक्के कैदी. त्यांच्या बाबतीत नुसता दंड काय साधतो? दहशत बसते, असे म्हणतात. पण इटलीच्या बेक्कारिया या विचारवंताने १७६४ मध्येच दाखवून दिले होते की गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर तिच्या निश्चितपणाने. चोरी करणारा मनुष्य शिक्षेच्या वर्षांचा हिशेब करीत नाही. तो पकडले जाण्याचा संभव पाहतो. जिथे खटला दहा-दहा वर्षे रेंगाळतो आणि साक्षीदार फुटतात, तिथे शिक्षेची मुदत दुप्पट केल्याने दहशत दुप्पट होत नाही. आणि ज्याला शिक्षा होते, तो केव्हा तरी बाहेर येतोच. काही वर्षे चोरांच्याच सहवासात, रिकाम्या हातांनी, शिव्या ऐकत काढल्यानंतर तो जसा होऊन येतो, तसा तो आपल्या शेजारी राहावयास येतो. नुसत्या दंडाचा हा हिशेब आहे.

मग सुधारणेचा मार्ग काय आहे? याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सातारा-सांगलीकडच्या माणदेशात, पर्जन्यछायेच्या कोरड्या प्रदेशात, आटपाडी हे गाव आहे. पूर्वी ते औंध संस्थानात होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. या कामात त्यांचे साहाय्यक होते मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश अभियंते. हे गृहस्थ भारतात येऊन 'भारतानंद' झाले होते. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवली तीही यांनीच. राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या सहकार्याने फ्रीडमन यांनी त्याच सुमारास आटपाडीजवळ एक विलक्षण प्रयोग आरंभला. तुरुंगातील कैदी, आणि त्यांत खुनाची शिक्षा झालेलेही, एका माळावर आणून ठेवले. भिंत नाही, बेड्या नाहीत. जमीन कसावयाची, स्वतःचे घर बांधावयाचे आणि बायकामुलांना तिथेच आणून संसार करावयाचा. वस्तीला नाव दिले स्वतंत्रपूर. कैद्यांच्या गावाला 'स्वतंत्रपूर' म्हणणे यात केवढे धाडस होते, हे आज कदाचित जाणवणार नाही.

या प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकरांचा जन्म त्याच आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचा. सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड माळावर शेती फुलविणाऱ्या जेलरची ती गोष्ट वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. चित्रपट थोर आहे यात शंका नाही. परंतु त्याने आपल्या मनावर एक समजूत बिंबवली आहे, तिची तपासणी झाली पाहिजे. ती समजूत अशी की अपराधी सुधारतो तो एखाद्या महात्म्याच्या नजरेने. तसे असेल तर सुधारणेची आशा सोडलेली बरी. कारण देशात तुरुंग तेराशेहून अधिक, आणि महात्मे कोणत्याही शतकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

स्वतंत्रपूरचा खरा धडा वेगळा आहे. फ्रीडमन गेले, राजे गेले, १९४८ मध्ये संस्थानही विलीन झाले; तरी वसाहत मोडली नाही. मुंबई राज्याने आणि पुढे महाराष्ट्राने ती चालविली. म्हणजे तिला टिकविणारी शक्ती कोणा एकाच्या डोळ्यांत नव्हती. ती त्या रचनेत होती. काय होते त्या रचनेत? पहिली गोष्ट म्हणजे ज्याचे फळ स्वतःला मिळते असे काम. खडी फोडणाऱ्याला खडीचे काही सुखदुःख नसते. पण ज्याने पेरले त्याला पावसाची चिंता लागते, आणि ज्याला उद्याची चिंता लागली तो माणूस अर्धा सुधारलाच. दुसरी गोष्ट म्हणजे कुटुंब. तुरुंग हा माणसाला बाप, पती, मुलगा या सर्व नात्यांतून उचलून केवळ एक क्रमांक करून ठेवतो. नाती तुटली की जबाबदारीही तुटते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पळून जाण्याची मोकळीक. हे वाक्य विचित्र वाटेल. पण ज्याला पळताच येत नाही, त्याच्या न पळण्याला नैतिक मोल काय? स्वतंत्रपूरचा कैदी रोज सकाळी उठून, पुढे मोकळा माळ दिसत असताना, राहण्याचा निर्णय नव्याने घेत होता. नीतीचा अभ्यास याहून निराळा कोणता असतो?

उत्तर प्रदेशात डॉ. संपूर्णानंदांच्या प्रेरणेने १९५२ मध्ये चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामावर कैद्यांच्या खुल्या छावण्या उभ्या राहिल्या. राजस्थानात सांगानेर येथे १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहतात, शहरात जाऊन कमावतात आणि ठरल्या वेळी परत येतात. आपल्याकडे येरवडा, पैठण येथे खुली कारागृहे आहेत. म्हणजे हा एका संस्थानिकाचा लहरी खेळ नव्हता. वेगवेगळ्या भूमीत हे रोप धरले आहे.

येथपर्यंत वाचून सुधारणावादी वाचक संतुष्ट झाला असेल. पण प्रामाणिकपणे तीन आक्षेपांना उत्तर दिल्यावाचून हा विषय सोडता येणार नाही.

पहिला आक्षेप असा की हे यश निवडलेल्यांचे आहे. खुल्या कारागृहात पाठवावयाचे कैदी पारखून घेतलेले असतात. बहुधा शिक्षेची काही वर्षे चांगल्या वर्तनाने काढलेले. ते पुन्हा गुन्हा करीत नाहीत यात खुल्या कारागृहाचे कर्तृत्व किती आणि निवडीचे किती? आक्षेप खरा आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन याने १९७४ मध्ये सुधारणेच्या अनेक योजनांची तपासणी करून निराशेचा निष्कर्ष काढला, आणि 'काहीच उपयोगी पडत नाही' हे तेथील राज्यकर्त्यांचे आवडते वाक्य होऊन बसले. पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, अधिक पुरावा पाहून मार्टिन्सनने आपले मत जाहीरपणे सुधारले. काही योजना उपयोगी पडतात, काही अपायही करतात, सर्व अवलंबून असते ते त्या कोणत्या परिस्थितीत राबविल्या जातात यावर, असे त्याने कबूल केले. पण तोवर त्याच्या पहिल्या वाक्याने आपले काम केले होते. दुसरे ऐकावयास फारसे कोणी थांबले नव्हते. यातून घ्यावयाचा बोध हा की सुधारणा हे रामबाण औषध नाही. ती काहींना लागू पडते, काहींना नाही. पण नुसत्या दंडाला आपण अशी कसोटी कधी लावली आहे काय? तो अपयशी ठरला तर आपण त्याचे प्रमाण वाढवितो. सुधारणा अपयशी ठरली तर मात्र ती बंद करतो.

दुसरा आक्षेप ग्वाल्हेरकडच्या वाचकांना अधिक जवळून ठाऊक असेल. चंबळच्या खोऱ्यात १९६० च्या मे महिन्यात वीस दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. पुढे १९७२ च्या एप्रिलमध्ये मोरेना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाशांपुढे मोठे आत्मसमर्पण झाले. मोहरसिंग, माधोसिंग यांसारखे नामांकित त्यांत होते. अशांपैकी अनेकांसाठी मुंगावली येथे खुले कारागृह उभारले गेले. देशभर जयजयकार झाला. परंतु १९६० मध्येच मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख रुस्तमजी यांनी एक अप्रिय मुद्दा मांडला होता. दरोडेखोरांना असे डोक्यावर घेतले तर त्यांच्याशी लढणाऱ्या शिपायांच्या मनोधैर्याचे काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या काळी अनेकांना हा सूर कोता वाटला. मला तो आज कोता वाटत नाही. हृदयपरिवर्तनाच्या सोहळ्यात व्यासपीठावर दरोडेखोर होता, संत होता, पुढारी होता. ज्याचे घर जळले तो कुठे होता? क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा असतो. तो अधिकार परस्पर वापरणे हे संतालाही शोभत नाही. मात्र येथे एक गोष्ट विसरता कामा नये: या समर्पितांवर खटले चालले आणि त्यांनी शिक्षाही भोगल्या. दंड टळला नाही. बदलले ते त्याचे स्वरूप. आणि माझ्या मते त्या प्रयोगाचे बळ नेमके यातच होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो सुधारणेच्या नावानेच झालेल्या अन्यायाचा आहे. दंडाला एक सीमा असते: सात वर्षे म्हणजे सात वर्षे. सुधारणेला सीमा कोणती? 'तू सुधारेपर्यंत' असे म्हटले, की ज्याच्या हाती किल्ली त्याच्याच हाती निर्णय. इंग्रज लेखक सी. एस. लुईस याने १९४९ मध्ये हा धोका दाखविला होता. पण आपल्याला तो पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि संबंध जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापूर, हुबळी येथे त्यांच्यासाठी वसाहती झाल्या. लोक त्यांना 'सेटलमेंट' म्हणत. तारेच्या कुंपणाआड माणसे, हजेऱ्या, परवान्यावाचून बाहेर पाऊल नाही. आणि या सर्वांचा जाहीर हेतू काय, तर या लोकांना उद्योगाला लावून सुधारणे! ज्या मुलाने काहीच केले नव्हते, तेही सुधारण्यासाठी कुंपणात जन्माला येत होते. हा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पण कुंपण निघाले तरी संशय निघाला नाही. त्या संशयाची कहाणी ज्यांना हवी त्यांनी लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचावे. इतकेच कशाला, तुरुंगात झाडलोट अमुक जातीच्या कैद्याने करावी आणि स्वयंपाक तमुक जातीच्या, अमुक जमातीचे कैदी मुळातच सराईत समजावेत, असे नियम कित्येक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत थेट आपल्या काळापर्यंत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. स्वतंत्रपूर आणि सोलापूरची सेटलमेंट, दोन्ही सुधारणेच्याच नावाने चालली होती. दोहोंतही काम होते, दोहोंतही कुटुंबे होती. फरक एवढाच की एकीकडे ज्याचा अपराध सिद्ध झाला होता त्याच्यावर विश्वास टाकला होता, आणि दुसरीकडे ज्याने अपराध केलाच नव्हता त्याच्यावर संशय घेतला होता. एकीकडे सुधारणा देऊ केली होती. दुसरीकडे लादली होती. म्हणून सुधारणा दंडापेक्षा श्रेष्ठ काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. दंडावाचून सुधारणा बेबंद होते, कारण दंडच तिला मर्यादा घालतो: सिद्ध झालेल्या अपराधापुरते, ठरल्या मुदतीपुरते, त्यापलीकडे एक दिवसही नाही. आणि सुधारणेवाचून दंड आंधळा होतो, कारण माणूस केव्हा तरी बाहेर येणार आहे हे त्याला दिसत नाही. दंडाने कालमर्यादा ठरवावी. त्या काळात माणसाचे काय करावयाचे हे सुधारणेने ठरवावे. हे दोन्ही परस्परांचे शत्रू नसून एकमेकांचे पहारेकरी आहेत.

आणि सुधारणा हा शब्दही आपण जरा जपून वापरला पाहिजे. माणसाला कोणी सुधारीत नाही, जसे रोपाला कोणी वाढवीत नाही. आपण माती भुसभुशीत करावी, पाणी घालावे, दगड काढावेत. वाढावयाचे ते त्याचे त्याने. तुरुंगाला फार तर एवढेच म्हणता येईल, 'सुधारावयाचे असेल तर येथे अडथळा नाही.' आज तुरुंगाला तेवढेही म्हणता येत नाही, ही दुःखाची गोष्ट आहे. १८९४ चा तुरुंग कायदा एक शतकाहून अधिक काळ आपल्या तुरुंगांचा पाया राहिला. १९१९-२० च्या जेल समितीने कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे एक ध्येय म्हणून मांडले, न्या. आनंदनारायण मुल्ला यांच्या समितीने १९८३ मध्ये पुन्हा विस्ताराने तेच सांगितले. मुल्ला हे न्यायमूर्ती तसेच उर्दूचे कवीही होते. कायदा आणि करुणा यांची गाठ पडावी तर अशाच ठिकाणी. शिफारशींचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता.

पण सर्व दोष सरकारच्या पदरी टाकून मोकळे होणे हा आपला जुना आवडता मार्ग आहे, आणि येथे तो उपयोगी पडणार नाही. कारण सुधारणेची परीक्षा तुरुंगात होतच नाही. ती होते त्या दिवशी, ज्या दिवशी तो माणूस हातात कपड्यांचे बोचके घेऊन दाराबाहेर पडतो. कायद्याच्या दृष्टीने त्याचे देणे फिटले. मग तो काम मागावयास जातो, खोली भाड्याने मागतो, मुलीचे लग्न जुळविण्यासाठी चार दारे हिंडतो. त्या दारांच्या आत कोण असते? न्यायाधीश नव्हे, जेलर नव्हे. आपणच असतो. न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली. आपण तिची जन्मठेप करतो, आणि तीही कोणत्याही खटल्यावाचून.

'दो आँखें बारह हाथ'मधील कैद्यांना त्या दोन डोळ्यांनी पळू दिले नाही. ते डोळे त्यांच्यावर पहारा ठेवीत होते म्हणून नव्हे. त्या डोळ्यांना आपण माणूस दिसतो, हे त्यांना कळले होते म्हणून. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाकडे आपण ज्या डोळ्यांनी पाहतो, त्यांत त्याला काय दिसत असेल? दंड चांगला की सुधारणा, हा वाद तत्त्वज्ञांनी आणि शासनकर्त्यांनी खुशाल चालू ठेवावा. आपल्यापुरता प्रश्न याहून पुष्कळ लहान आहे आणि म्हणूनच पुष्कळ कठीण आहे. तो दाराशी आला आहे. दार उघडावयाचे की नाही?